पेट्रोलची नौका विजेवर नेताना

चिमूरच्या एका तरुण श्रावकाची पृच्छा आली आहे. जलविहारासाठी भाड्याने द्यावयाला, पाण्यावर स्की खेळणाऱ्यांना ओढणारी, मागे टू-स्ट्रोक इंजिन टांगलेली जुनी नौका त्यास अल्प मोलात मिळते आहे. इंजिन काढून विजेची मोटर बसविल्यास हिंसा टळेल काय?

पुष्कळशी टळेल. अशा जुन्या इंजिनात पेट्रोलचा चतुर्थांशापर्यंत भाग न जळताच धुरासवे बाहेर पडतो, आणि हा धूर पाण्याखालीच सुटतो. अप्काय व जलचर जीवांची ही विराधना मोटरीने थांबते.

परंतु व्यापाऱ्याने तराजूही पाहावा. चाळीस लिटर पेट्रोलचे वजन तीस किलो. त्यातील उष्णता सुमारे 350 युनिट. पंख्यापर्यंत पोहोचते त्याच्या चौथ्या हिश्शाइतकीच, म्हणजे नव्वद युनिट. तेवढे काम घेण्यास लिथियम बॅटरी लागेल सहा-सात क्विंटलांची! स्कीचा वेग हवा असेल तर हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. संथ विहार मात्र सहज साधतो, कारण हळू चालणाऱ्या नावेचा वेग निम्मा केला की लागणारी शक्ती जवळजवळ आठव्या हिश्शावर येते. केरळात वैक्कम ते तवणक्कडवु या जलमार्गावर 75 प्रवाशांची ‘आदित्य’ नौका जानेवारी 2017 पासून छतावरील सौरपट्ट्यांच्या बळावर चालते. ती प्रथमपासूनच विजेसाठी बांधलेली आहे, हे खरे.

सौरपट्ट्यांचा आग्रह मी धरतो, त्यास कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. भद्रावतीस केसरिया पार्श्वनाथ प्रभूंच्या दर्शनास जाणाऱ्यांना त्या परिसरातील कोळसाखाणी अपरिचित नाहीत. चंद्रपूरचे 2920 मेगावॅटचे औष्णिक केंद्र कोळसाच जाळते आणि पाणी घेते ते इरई धरणाचे. भिंतीवरील प्लगमधून नौका भारली, तर पाण्यातील धूर धुराड्यातून निघाला, इतकेच. सातव्या व्रताच्या पंधरा कर्मादानांत भाडीकर्म आहे, तसे अंगारकर्मही आहे. भाड्याने वाहन देणे हेच मुळात कर्मादान, हे त्या तरुणास ठाऊक असावे. तरी जयणेने प्रमाण उणे करता येते. दिवसा उन्हावर बॅटरी भरावी, फेऱ्या मोजक्या ठेवाव्यात, सूर्यास्तापूर्वी नाव काठाला लावावी.

एक गोष्ट त्याने विचारली नाही. काढलेले इंजिन दुसऱ्या नाववाल्यास विकले, तर ते दुसऱ्या तलावात तेच करील. करणे, करविणे व अनुमोदणे यांत ही विक्री कोठे बसते? माझ्या मते ते सुटे करून भंगारात द्यावे. किंमत कमी येईल. ती नौकेच्या खर्चात धरावी.