मस्टर कोणाच्या हाती?

गावातील प्रश्न चिघळण्यापूर्वीच गावकऱ्यांनी स्वतःच्या कल्पकतेने सोडवावेत, असा उपदेश सरकारी व्यासपीठांवरून आता वारंवार ऐकू येतो. 'नवोपक्रम' हा शब्द तर मंत्र्यांच्या भाषणांत मिठासारखा पडू लागला आहे. या उपदेशाला आमची हरकत नाही. परंतु कष्टकरी जनतेने असा उपक्रम खरोखरच जन्माला घातला, तेव्हा राज्यकर्त्यांनी त्याचे स्वागत कसे केले, हे राजस्थानच्या गेल्या तीन दशकांच्या इतिहासात तपासून पाहण्यासारखे आहे.

१९९७ च्या उन्हाळ्यात खेड्यापाड्यांतून आलेले मजूर स्त्री-पुरुष जयपूरच्या सचिवालयाजवळ ५३ दिवस धरणे धरून बसले होते. त्यांनी ना जमीन मागितली होती, ना वाढीव मजुरी. आपल्या पंचायतीत झालेल्या कामांचे हजेरीपट, बिले आणि पावत्या यांच्या नकला मिळाव्यात, एवढेच त्यांचे मागणे होते. मुख्यमंत्री भैरोसिंग शेखावत यांनी एप्रिल १९९५ मध्ये विधानसभेत तसे आश्वासन दिले होते. ते कागदावरच राहिले, म्हणून १९९६ साली ब्यावर येथे ४० दिवसांचे धरणे झाले. आणि जयपूरचे धरणे संपताना सरकारने काय जाहीर करावे? तर नकला देण्याची अधिसूचना आदल्या डिसेंबरातच निघालेली आहे! ज्यांच्यासाठी ती काढली ते रस्त्यावर बसलेले, आणि अधिसूचना मात्र दप्तरात सुखरूप. नोकरशाहीच्या वर्गस्वभावाचे याहून नेमके चित्र क्वचितच सापडेल.

कागदांचा हा हट्ट उगाच नव्हता. राजस्थानात दुष्काळी कामांवर किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्याची जुनी रीत होती. १९८३ साली संजित रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली, तरी मजुराच्या हाती पूर्ण दाम पडेना. विचारणा केली की उत्तर ठरलेले: काम कमी भरले, मोजमाप पुस्तिकेत तसेच लिहिले आहे. पुस्तिका मात्र दाखवायची नाही. १ मे १९९० रोजी भीम येथे स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनाने या कोंडीतून वाट काढली. तिचे नाव जनसुनावणी. पहिली सुनावणी २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे झाली. मंडप घालायचा, गाव जमवायचे आणि पंचायतीचे कागद मोठ्याने वाचायचे, एवढीच तिची रीत. नाव पुकारले की तो माणूस उभा राहून सांगे की या कामावर मी कधी गेलोच नाही. मेलेल्यांच्या, गाव सोडून गेलेल्यांच्या नावावर मजुरी उचललेली निघे. ज्यांना अक्षरओळख नाही त्या बायाबापड्यांनी हिशेबनिसांची तपासणी करावी, असा हा प्रकार होता. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा या मंडपांतूनच दूरवर पोहोचली.

महाराष्ट्रातील वाचकाला यात अपरिचित काही नाही. १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीच्या खडीवर राबलेल्या माणसाला मस्टर म्हणजे काय, आणि त्यावर खोटे अंगठे कसे उमटतात, हे शिकवावे लागत नाही. १९७७ चा हमी कायदा आपण देशाआधी केला. मात्र मस्टर चावडीवर वाचून दाखविण्याचा हक्क आपल्याला राजस्थानच्या मजुरांकडून घ्यावा लागला.

प्रश्न वेळीच हाताळणे म्हणजे काय, हेही येथेच कळते. मजुरी बुडाली की घर सावकाराच्या दारी जाते, मग जवान माणसे परमुलखात, आणि पाठोपाठ पोरांची शाळा सुटते. सरकारी लेखापरीक्षकाचा शेरा येतो तोवर पैसा आणि माणूस दोन्ही गेलेले असतात. त्याच हंगामात गावासमोर झालेली तपासणी ही साखळी पहिल्याच कडीवर तोडू शकते.

हा मार्ग पुढे कायद्यात आला. राजस्थानने २००० साली आणि देशाने २००५ साली माहितीचा अधिकार मान्य केला. त्याच वर्षीच्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या १७ व्या कलमाने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षण करण्याचा अधिकार दिला. परंतु जेथे संघटित मजूर नव्हते, तेथे हे अंकेक्षण खात्याच्या उद्दिष्टपूर्तीचा, सह्याशिक्क्यांचा विधी होऊन बसले. जनसुनावणीने जमिनीची मालकी बदलत नाही, जातीची दहशत ओसरत नाही. तिच्याकडून अवास्तव अपेक्षा करणे आम्हास मान्य नाही. पण जे तिला शक्य आहे, तेही आज हिरावले जात आहे.

१ जानेवारी २०२३ पासून मजुरांचे छायाचित्र घेऊन भ्रमणध्वनीवर हजेरी लावणे सक्तीचे झाले. येथे वरचा डोळा मजुरावर रोखलेला आहे. कोटकिराण्यात खालचा डोळा सत्तेवर रोखलेला होता. त्याच वर्षीच्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या ४४(३) कलमाने माहिती अधिकारातील ८(१)(ञ) हे कलम आखडते करून, व्यक्तिगत माहिती नाकारण्याची मुभा व्यापक केली. सार्वजनिक हिताचे ८(२) कलम शिल्लक आहे हे खरे, पण ते कोणाला लागू करायचे हे ठरविणार तोच अधिकारी. आणि मस्टर म्हणजे नावेच की! नावे वगळलेले मस्टर मंडपात वाचायचे तरी काय? पुढे डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी दुसराच कायदा संमत केला.

लोकांच्या कल्पकतेला पाठबळ देण्याची भाषा प्रामाणिक असेल, तर ४४(३) कलम रद्द करा. हजेरीपट, बिले आणि मोजमापे नावानिशी, लोकांच्या भाषेत, सुनावणीच्या आधी गावाच्या भिंतीवर लिहा. अंकेक्षण करणारी यंत्रणा कामे काढणाऱ्या खात्याच्या पैशावर व मर्जीवर ठेवू नका. मंडपात उभे राहून साक्ष देणाऱ्या मजूर स्त्रीला दुसऱ्या दिवशी कामावरून परत पाठविणाऱ्यास शिक्षा करा. महाराष्ट्रातील शेतमजूर संघटनांनी शासनाच्या परवानगीची वाट पाहू नये. यंदाच्या कामांचे कागद आताच मागावेत आणि चावडीवर वाचावेत.