कर्ज तिच्या नावावर, धंदा कुणाचा?

नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. काही जणींची तरी सावकाराची पायरी सुटली, हे खरंच. पण चिखली-मेहकरकडच्या गटांत बसले की मी विचारते : बाई, कर्जाचे पैसे गेले कुठे? सोयाबीनच्या बियाण्यात, नाहीतर नवऱ्याच्या गाडीत. हप्ता मात्र तिनं निंदणाच्या मजुरीतून भरायचा! आणि आपण परतफेडीचे आकडे मिरवतो. २०१५ च्या मुद्रा योजनेत तारण लागत नाही; तरी "मालकांना घेऊन या" हे ऐकावं लागतंच. ज्या खरोखर पापड-मसाले करतात, त्या आठवडी बाजारात कडेला, उन्हात बसतात. मैत्रिणींनो, येत्या ग्रामसभेत बाजारातला ओटा मागू या, गटाच्या नावावर, लेखी.