बादलीत पडलेला फोन

गेल्या पावसाळ्यात आमच्या भाभींचा फोन परड्यात धुण्याच्या बादलीत पडला. कपडे पिळायला वाकल्या आणि गाऊनच्या खिशातून तो सटकला. बादलीत पावडरचे, फेसाचे पाणी. भाभींनी लगेच हात घालून बाहेर काढला. पाण्यात तो फार तर दहा-बारा सेकंद असेल. पण पुढच्या अर्ध्या तासात आम्ही घरच्यांनी मिळून त्याचे जे नुकसान केले, ते बादलीने केले नव्हते.

पुतण्याने आधी बटण दाबले. पडदा उजळला. "चाचा, चालू आहे बघा!" आम्हीही अल्हम्दुलिल्लाह म्हणून मोकळे झालो. थोड्या वेळाने पडदा थरथरू लागला, तेव्हा बॅटरी उतरली असेल असे वाटून आम्हीच तो चार्जिंगला लावला. दोन मिनिटांत सगळे काळे. मग अम्मींनी तांदळाचा डबा पुढे केला. आमची नेसरी भाताच्या मुलखातली, शेजारी आजऱ्याचा घनसाळ. इथे तांदळावर सगळ्यांचा भरवसा. फोन दोन दिवस डब्यात राहिला.

फोनची किंमत सांगण्यासारखी नव्हती. पण त्यात आमच्या मरहूम भाईजानांचा आवाज होता. ते गोव्यात गाडीवर होते. लिहायचा कंटाळा, म्हणून रोज रात्री बोलूनच निरोप पाठवायचे. जेवलो, पोराची फी भरली का, अम्मींच्या गोळ्या संपल्या असतील. दोन वर्षांपूर्वी ते अल्लाहला प्यारे झाले. भाभी ते निरोप अधूनमधून ऐकतात एवढे आम्हाला ठाऊक होते. किती ऐकतात, ते फोन बंद पडल्यावर कळले.

तिसऱ्या दिवशी आम्ही गडहिंग्लजला दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने फोन उघडला आणि चार्जिंगची पिन जिथे बसते तिथला हिरवा थर दाखवला. "चार्जरला कुणी लावला होता?" त्याने विचारले. आम्ही भिंतीवरच्या कव्हरांकडे पाहू लागलो.

त्याने सांगितले ते असे. नुसते पाणी फोनला लगेच मारत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार, साबण, मीठ यांच्यामधून वीज वाहते. फोन चालू असला की ही वीज जिथे जाऊ नये तिथे जाते आणि तांब्याचे बारीक जोड झिजवून टाकते. तो हिरवा थर म्हणजे गंजलेले तांबे. चार्जर लावणे म्हणजे या कामाला बाहेरून आणखी वीज पुरवणे. म्हणून फोन बाहेर काढल्यावर पहिले काम एकच, तो बंद करणे. चालू आहे की नाही हे पाहण्याचा मोह आवरायचा. आधीच बंद पडला असेल, तर तसाच राहू द्यायचा. पूर्वी पाठीमागचे झाकण उघडून बॅटरी काढता यायची. आताच्या फोनची पाठ चिकटवलेली असते, तेव्हा बटणानेच बंद करावा लागतो.

त्यानंतर कव्हर काढा, सिमचा ट्रे बाहेर ओढा, अंग कोरड्या सुती कापडाने टिपून घ्या. चार्जिंगचे छिद्र खाली करून तळहातावर हलकेच आपटा, म्हणजे आतले थेंब उतरतील. जोरात झटकलात तर तेच पाणी आत खोल जाते. मग फोन पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. केस वाळवायचे गरम यंत्र, चूल, ऊन यांपैकी काही नको. उष्णतेने आतला गोंद सुटतो आणि बॅटरीलाही ती सोसत नाही. फोन फुगला किंवा आपोआप गरम होऊ लागला, तर तो माणसांपासून आणि अंथरुणापासून लांब ठेवा.

आणि तांदूळ? अम्मींना हे पटवणे आम्हाला सगळ्यात जड गेले. डब्यातल्या तांदळात आधीच थोडी ओल असते, आषाढात तर जास्तच. बंद फोनच्या पोटातले पाणी तो ओढून घेऊ शकत नाही. उलट त्याची भुकटी आणि कणी छिद्रात जाऊन बसते. 2024 च्या जानेवारीत अ‍ॅपल कंपनीनेही आपल्या ग्राहकांना हेच सांगितले की ओला फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका. तांदळात ठेवलेले काही फोन चालू होतात हे खरे, पण ते पंख्याखालीही झालेच असते. मुख्य म्हणजे तांदळाच्या भरवशावर आपण दोन दिवस घालवतो आणि तेवढ्यात गंज आपले काम करतो. साधे स्वच्छ पाणी असेल, तर एक-दोन दिवस वाऱ्यावर वाळवून पाहायला हरकत नाही. साबणाचे, समुद्राचे किंवा पुराचे गढूळ पाणी असेल, तर त्याच दिवशी दुरुस्तीवाला गाठावा. पाणी वाळते, क्षार आतच राहतात.

"आमचा फोन वॉटरप्रूफ आहे" असे म्हणणाऱ्यांसाठीही दोन शब्द. खोक्यावरचे आयपी 67 म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास, तेही नव्या फोनला. वापरात, पडण्यात आणि दुरुस्तीत त्याचे बंद सैल होत जातात. साबणाचा तर त्या चाचणीत विचारच नसतो. सिमच्या खाचेत बहुधा एक पांढरी टिकली असते, ती पाणी लागताच लाल होते. ती लाल दिसली की बऱ्याच कंपन्या वॉरंटी नाकारतात.

आमच्या घरी एक गोष्ट मात्र नशिबाने बरी झाली. पुतण्याने सिम काढून आपल्या फोनमध्ये घातले. सिम पाण्याने सहसा बिघडत नाही. भाभींचे सिम भाईजानांच्या नावावर होते आणि आजही आहे. ते हरवले असते, तर दुसरे मिळवायला मृत्यूचा दाखला घेऊन खेटे घालावे लागले असते. आपल्याच नावाचे सिम बदलून घेतले, तरी पहिले 24 तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपीही नाही. बँक, गॅस, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, सगळे त्याच नंबरावर अडकलेले. आपल्या किती घरांत बायकांचे नंबर पुरुषांच्या नावावर आहेत, हे एकदा मोजून पाहावे.

दुरुस्तीवाल्याने फोनची पाटी खास अल्कोहोलने धुतली. हे पिण्याचे मद्य नव्हे, यंत्रे साफ करण्याचे रसायन आहे. ते पाणी सोबत घेऊन उडून जाते. आम्ही विचारले, "फोन राहू दे, आतले आवाज तेवढे काढून मिळतील का?" तो म्हणाला, आताच्या फोनमधला माल कुलूपबंद असतो. पाटी जिवंत झाली आणि मालकिणीने पॅटर्न टाकला, तरच तो उघडतो. पॅटर्न चिठ्ठीवर लिहून देणे आम्हाला पटले नाही. त्यात भाभींचे, घरच्या मुलींचे फोटो. भाभींनाच घेऊन येतो, समोर बसूनच उघडू, असे सांगून आलो. त्याला राग आला नाही. चांगल्या कारागिराला येत नाही.

गूगलवर नक्कल असेल अशी एक आशा होती. ती वर्षभर झालीच नव्हती. फुकट मिळणारी 15 जीबी जागा पुतण्याच्या क्रिकेटच्या व्हिडिओंनी भरली होती, आणि 2024 पासून व्हॉट्सअ‍ॅपची नक्कलही त्याच जागेत मोजली जाते. "जागा संपली" अशी सूचना रोज यायची आणि भाभी ती रोज बाजूला सारायच्या. वाचक भगिनींनी आज रात्रीच व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये चॅट बॅकअपची शेवटची तारीख पाहावी.

पाचव्या दिवशी बोलावणे आले. चार्जिंगची खोबण बदलली होती, पडद्यावर आडव्या रेघा होत्या आणि किती वेळ चालेल याची खात्री नव्हती. भाभींनी स्टुलावर बसून पॅटर्न टाकला. पुतण्याने वायर जोडून आवाजांचा फोल्डर दुकानातल्या संगणकावर घेतला, तिथून पेनड्राइव्हवर, आणि संगणकावरचा आमच्यासमोर पुसला. फायलींवर कुणाचे नाव नव्हते, नुसत्या तारखा आणि आकडे. भाईजान, माहेरची माणसे, शाळेचा ग्रुप, सगळ्यांचे आवाज एकत्र.

आता इशाच्या नमाजनंतर भाभी आणि पुतण्या एकेक फाईल ऐकून त्यातले भाईजानांचे आवाज वेगळे काढतात. परवा त्यांच्या एका निरोपात मागून एसटीच्या घंटीचा आवाज आला. रमजान महिन्यातला निरोप होता, इफ्तारीला खजूर मिळाले नाहीत अशी तक्रार होती. अम्मी तो दोनदा लावायला लावतात. अजून दीड वर्षाच्या फायली ऐकायच्या आहेत.