‘बॅटरी गेली’ हे निदान नव्हे

छावणीतलं मिलिटरी हॉस्पिटल असो की गोल्फ कोर्स, विजेवर चालणारी गोल्फ कार्ट आता सगळीकडे दिसते. गोल्फ खेळणाऱ्या साहेबांपेक्षा तिचा खरा उपयोग होतो तो गेटपासून ओपीडीपर्यंत जाणाऱ्या माजी सैनिकांना. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाला दम लागतो, कुणाबरोबर ऐंशीच्या घरातली वीरपत्नी असते. त्यांच्यासाठी ते चारशे मीटर म्हणजे मोठा मार्च. आणि नेमकी हीच गाडी मला पोस्टिंगमागून पोस्टिंगमध्ये कव्हर घालून झाडाखाली उभी दिसली आहे. कारण विचारलं की पंजाबात, मध्य प्रदेशात, आसामात एकच उत्तर मिळतं, "साब, बैटरी बैठ गई."

मी ईएमईचा माणूस. सिकंदराबादला रिक्रूट असताना उस्तादांनी पहिली गोष्ट शिकवली होती : मोजल्याशिवाय बोलायचं नाही. ‘बॅटरी गेली’ हे निदान नव्हे, तो विचार थांबवण्याचा मार्ग आहे. माझं स्पष्ट मत असं, की यातल्या बऱ्याच गाड्या बॅटरीमुळे नव्हे, तर बेवारसपणामुळे मरतात.

हे मी सहज म्हणत नाही. थ्री टनर किंवा जिप्सी युनिटच्या ताकदीवर असते. तिला ड्रायव्हर नेमलेला असतो, कार डायरी असते, आठवड्याची मेंटेनन्स परेड असते. कोणत्या दिवशी कोणता टास्क हे लिहिलेलं असतं. कार्ट मात्र बहुतेक वेळा कुठल्यातरी फंडातून येते. नारळ फुटतो, फोटो निघतो. नंतर ती एमटीचीही नाही, वर्कशॉपचीही नाही आणि हॉस्पिटलचीही नाही. जो मोकळा असेल तो चालवतो, ज्याला आठवेल तो चार्जिंगला लावतो. पाणी कुणी घालायचं, हे कुणालाच सांगितलेलं नसतं.

एक उदाहरण सांगतो. उत्तरेतली एक छावणी, जून महिना. सहा बॅटऱ्या, प्रत्येकी ८ व्होल्ट, एकामागे एक जोडलेल्या, म्हणजे ४८ व्होल्टची गाडी. सपाटीवर बरी चालायची, वॉर्डाच्या चढावर मान टाकायची. पुरवठादाराच्या माणसाने ‘पूर्ण सेट बदला’ असं लिहून दिलं होतं. सेट जेमतेम दीड वर्षाचा. पैसे मंजूर होईपर्यंत गाडी उभी आणि म्हातारी माणसं उन्हात चालत होती.

आम्ही रात्रभर चार्ज केली, सकाळी काही तास तशीच ठेवली आणि मल्टिमीटर लावला. एकूण ५०.३ व्होल्ट. कागदावर गाडी ठणठणीत! इथेच पुष्कळ जण फसतात. उभ्या गाडीचा व्होल्टेज म्हणजे फॉलिनमध्ये उभा असलेला जवान. सावधानमध्ये सगळे सारखेच दिसतात, कोण किती दमाचा हे पिट्ठू लावून पळवल्यावर कळतं. म्हणून मीटरच्या वायरी इन्सुलेटेड क्लिपने लावून सीटखालून बाहेर काढल्या, चार माणसं बसवली आणि त्याच चढावर गाडी नेली. एका फेरीत एक बॅटरी, अशा सहा फेऱ्या. पाच बॅटऱ्या भाराखाली ७.८ च्या आसपास टिकल्या, चौथी थेट ६.४ वर आली. हायड्रोमीटरने पाहिलं तर तिचा एक सेल १.१५० दाखवत होता, बाकीचे १.२५० च्या वर. सेलासेलात ०.०५० चा फरक दिसला तरी संशय घ्यावा, इथे तर दुप्पट होता.

बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असल्या, की सगळा करंट प्रत्येकीतून जातो. एक लंगडी झाली की सगळी तुकडी तिच्या चालीने चालते. तेवढी एक त्याच जातीची, त्याच क्षमतेची बदलली. सेट चार-पाच वर्षांचा असता तर मी पूर्ण बदलायलाच सांगितलं असतं, कारण जुन्यांमध्ये एक नवी घातली तर जुन्या तिलाही लवकर ओढून नेतात. पण दीड वर्षाच्या सेटमधल्या पाच चांगल्या बॅटऱ्या भंगारात टाकणं हा सरळसरळ अपव्यय.

दुसरा दोष तर बॅटरीतही नव्हता. दुसऱ्या आणि तिसऱ्या बॅटरीमधली केबल हाताला गरम लागत होती. तिच्या दोन टोकांमध्ये भाराखाली ०.६ व्होल्ट मिळाला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण चढावर १०० अँपिअर ओढले, तर त्या एका जोडावर ६० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून द्यावा तशीच ती गोष्ट. अशा जोडावर शिशाचा टर्मिनल वितळतो. कारण काय, तर टर्मिनलवर साचलेली पांढरट-हिरवी पावडर आणि ढिला नट. झाकणं घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं, ब्रशने घासलं, नट कसला, वरून पेट्रोलियम जेली लावली. खर्च जवळपास शून्य.

आणि तो सेल मेला कशाने? प्लेट्स उघड्या पडल्या होत्या. उन्हाळ्यात आणि चार्जिंगमध्ये पाणी उडतं, हे साधं शास्त्र आहे. शिवाय कुणीतरी कधीतरी मेसमधलं आरओचं पाणी घातलं होतं. आरओ म्हणजे डिस्टिल्ड नव्हे, क्षार त्यातही राहतातच. पाणी डिस्टिल्डच हवं आणि ते चार्जिंगनंतर भरायचं. प्लेट्स उघड्या असतील तर आधी त्या बुडण्यापुरतंच घालायचं, नाहीतर चार्ज होताना ॲसिड फुगून बाहेर येतं.

गाडी अजिबात हलत नसेल तर कान वापरावा. पेडल दाबल्यावर सोलेनॉइडचा ‘टक्’ आवाज आला नाही, तर किल्लीचा स्विच, पेडलखालचा छोटा स्विच, पुढे-मागेचा स्विच आणि त्यांच्या वायरी पाहाव्यात. ‘टक्’ येतो पण गाडी जागची हलत नाही, तर सोलेनॉइडचे मोठे संपर्क, जाड केबल, कंट्रोलर, मोटर या क्रमाने पाहावं. चार्जर सुरूच होत नसेल तर तो बिघडला असं लगेच धरू नये. बॅटऱ्या फार उतरल्या असतील तर अनेक स्वयंचलित चार्जर सुरू व्हायलाच नकार देतात.

हे करताना हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढा. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. गाडीला रन-टो स्विच असेल तर तो टोवर ठेवा. आणि चार्जिंगच्या जागी बिडी नकोच. तिथे हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, लिथियम घ्या, कटकट मिटेल. खरं आहे, पाणी घालायचं काम मिटेल. पण ढिला नट लिथियमलाही तितकाच गरम करतो आणि पेडलखालचा स्विच कुठल्याही बॅटरीशी प्रामाणिक राहत नाही. दुसरा आक्षेप, वार्षिक देखभालीचा करार आहे ना! असू दे. पण कराराचा माणूस तीन महिन्यांतून एकदा येतो आणि पाणी रोज उडतं. शिवाय ज्याला नवा सेट विकायचा आहे, त्याच्याच निदानावर विसंबून राहणं हा कुठला शहाणपणा?

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक कार्ट एका माणसाच्या नावावर करा. बॅटऱ्यांवर रंगाने नंबर टाका. एक वही ठेवा. दर आठवड्याला पाण्याची पातळी आणि नट, दर महिन्याला प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज आणि हायड्रोमीटरचा आकडा. तीन महिन्यांच्या आकड्यांत घसरणारी बॅटरी स्वतःच हात वर करते, गाडी चढावर थांबण्याची वाट पाहावी लागत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, एक क्राफ्ट्समन आरामात करतो. आमच्या कोअरचं बोधवाक्य ‘कर्म ही धर्म’ आहे. ते फक्त रणगाड्यांपुरतं नाही.

आणि निवृत्त मित्रांनो, हे तुमच्यासाठीही. रेल्वे स्टेशनांवर, मोठ्या सोसायट्यांमध्ये आता अशाच गाड्या वयस्कांना ने-आण करतात आणि अशाच कोपऱ्यात धूळ खातात. तुमच्यातला जो एमटीत होता, जो वर्कशॉपमध्ये होता, त्याचे हात अजून विसरलेले नाहीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘बॅटरी गेली, नवीन घेऊ’ असा ठराव आला, की एकच प्रश्न विचारा : "भार टाकून मोजलं का?"