गाडीची वीज आणि गावाची तार

विजेवर चालणारी मोटार आता तालुक्याच्या गावातही दिसू लागली आहे. कपाशी आणि ज्वारी पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचा या गाडीशी काय संबंध, असे बैठकांतून विचारले जाते. संबंध आहे. डिझेल पंपावर मिळते. या गाडीचे इंधन घरावर येणाऱ्या तारेतून येते. तार जशी असेल तशी गाडी चालेल.

हिशेब आपल्या मापाने मांडू. लहान मोटारीच्या बॅटरीत साधारण ३० युनिट वीज मावते आणि एका युनिटवर गाडी सहा-सात किलोमीटर जाते. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीन युनिटच्या आसपास वीज भरते. म्हणजे रिकामी गाडी भरायला दहा-अकरा तास, सारी रात्र. हा भार ५ अश्वशक्तीच्या पंपापेक्षा थोडाच कमी. भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा चार्जर घेतला तर वेळ निम्म्यावर येतो, पण भार १० अश्वशक्तीच्या पंपाएवढा होतो. शहरातल्या बंगल्याला तो पेलतो. ज्या गावात संध्याकाळी दिवे मिणमिणतात, तिथे अशा चार गाड्या एकाच रोहित्रावर लागल्या तर काय होईल, हे डीपी जळाल्यावर आठवडे काढलेल्या माणसाला सांगायला नको. व्होल्टेज फार पडले किंवा अर्थिंग नीट नसले तर गाडी वीज घेतच नाही. म्हणून ज्याला गाडी घ्यायची त्याने आधी मंजूर भार वाढवून घ्यावा, जाड वायर, वेगळा एमसीबी आणि पक्के अर्थिंग करावे. लोंबकळत्या एक्स्टेन्शनवर गाडी लावू नये.

एक सावधगिरी. राज्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीजबिल माफ आहे. त्या जोडणीवर गाडी भरण्याचा मोह कोणी धरू नये. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे हा अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते.

आता प्रवास. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातील आमणे हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. वेगात वीज जास्त लागते. युनिटला साडेपाच किलोमीटर धरा. भरलेली ३० युनिटची गाडी दीडशे किलोमीटरवर थांबेल. जलद चार्जर ८० टक्क्यांपर्यंत लवकर भरतो, पुढे बॅटरी जपण्यासाठी वेग मंदावतो. म्हणून दर थांब्याला अर्धा ते एक तास आणि सव्वाशेच्या आत किलोमीटर. सगळा रस्ता कापायला पाच थांबे तरी हवेत. राज्याच्या २०२५ च्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. रस्त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या शिवारातून ही गाडी भरून पुढे जाईल.

यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असा खुलासा केंद्राने एप्रिल २०१८ मध्ये केला. त्यामुळे चार्जिंग केंद्राला परवाना लागत नाही. परवान्यांच्या या देशात अशी मोकळीक दुर्मीळ. मोठ्या रस्त्याला लागून जमीन असलेल्यांनी गट करून याचा विचार करावा. जलद चार्जरचा खर्च लाखांत जातो, तो एकट्याने उचलू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत चार्जिंग केंद्रांना वीज स्वस्त द्यावी आणि इतर वेळी महाग, असे सांगितले आहे. कारण उघड आहे. दिवसा सूर्याची वीज भरपूर असते. मग ती मोटारीसाठी भरपूर आणि पंपासाठी कमी कशी? सौर फीडर जिथे झाले तिथे शेतकरी दिवसा पाणी देतो. बाकी ठिकाणी तो अजूनही रात्री बॅटरी घेऊन, सापाविंचवातून बांधावर जातो.

मोटारीला आमचा विरोध नाही. ती येईल आणि यावी. पण जिल्हा बैठकीत ठराव तीनच व्हावेत: प्रत्येक कृषी फीडरला दिवसा वीज, गावठाणाला पुऱ्या दाबाची वीज, आणि नवा भार येण्याआधी रोहित्राची क्षमतावाढ. तार सुधारली तर पंपही चालेल आणि गाडीही.