वाढ थांबवायला विसरलेली पेशी

१९८४ सालची गोष्ट. आमच्या शाखेतला शिपाई एके सकाळी माझ्या टेबलापाशी घुटमळत उभा राहिला. "साहेब, पोरगा रोज उठला की ओकतो. दुपारी बरा असतो." मुलगा सात वर्षांचा. व्हाउचरांतून मान वर न करता मी म्हणालो, "शाळा चुकवायची सोंगं असतील रे!" गावच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. दोन महिन्यांनी पोर भिंत धरून चालू लागलं, तेव्हा कुठे त्याला मुंबईला नेलं. लहान मेंदूत गाठ निघाली. पुढची दिवाळी त्याने पाहिली नाही.

ते वाक्य मी एका कादंबरीत दुसऱ्याच्या तोंडी घालून पाहिलं. सुटका झाली नाही. निवृत्तीनंतर मात्र या गाठीविषयी जमेल तसं वाचत आलो.

तिचं नाव मेड्युलोब्लास्टोमा. बेली आणि कुशिंग या अमेरिकन डॉक्टरांनी १९२५ मध्ये ते रूढ केलं, 'मेड्युलोब्लास्ट' नावाची एक मूळ पेशी असणार असं गृहीत धरून. तशी पेशी कुणालाच सापडली नाही, नाव मात्र राहिलं. (खातेदाराचा पत्ता नाही आणि खातं चालू, असे प्रकार मी बँकेतही पाहिले आहेत.)

मोठ्यांचा कर्करोग बहुधा वर्षानुवर्षे साठत गेलेल्या बिघाडांतून होतो. मुलांच्या या गाठीचं तसं नाही. इथे वाढच चुकते. बाळ जन्मतं तेव्हा त्याचा लहान मेंदू अपुरा असतो. त्याच्या पृष्ठभागावर कोवळ्या पेशींचा थर असतो आणि जन्मानंतरही कित्येक महिने त्या पेशी दुपटीने वाढत राहतात. खालच्या पुर्किंये पेशी त्यांना 'वाढा' असा निरोप एका प्रथिनामार्फत धाडतात. त्या प्रथिनाचं नाव 'सॉनिक हेजहॉग', चक्क व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून! पुरेशी भर झाली की या पेशी विभागणं थांबवून आत उतरतात आणि आपापली जागा घेतात. मेंदूतल्या निम्म्याहून अधिक चेतापेशी या अशा घडतात. एखाद्या पेशीत निरोपाला लगाम घालणारं जनुक बिघडलं, तर ती थांबत नाही, आत उतरत नाही आणि प्रौढही होत नाही. गाठ बाहेरून आलेली नसते. मुलाच्या स्वतःच्याच वाढीतलं ते एक न संपलेलं काम असतं.

अर्थात ही एकाच प्रकाराची हकिगत झाली. सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याचदा सारख्या दिसणाऱ्या या गाठींचे मुळात चार गट आहेत, यावर २०१२ मध्ये तज्ज्ञांचं एकमत झालं. त्यातल्या 'डब्ल्यूएनटी' गटाची मुलं बहुतेक बरी होतात, तर तिसऱ्या गटाची गाठ फार निर्दय. हा भेद कळणं मोलाचं आहे. शस्त्रक्रियेनंतर मेंदूला आणि मणक्याला दिलेल्या किरणांनी जीव वाचतो, पण मुलाची स्मरणशक्ती, अभ्यास आणि उंची यांची किंमत मोजावी लागते. कुणाला किती किरणं द्यावीत, हे ठरवायला गट ठाऊक हवा. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या ऊतीवरूनही गट ओळखण्याची चाचणी प्रसिद्ध केली. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ही तपासणी प्रत्येक मुलाची झाली पाहिजे, बापाच्या खिशाकडे न पाहता. आणि आईबापांनी तो ठोकळा व अहवाल घरच्या कागदपत्रांइतकाच जपावा.

पण त्याआधी गाठ ओळखली तर जायला हवी! ती मेंदूतल्या पाण्याची वाट अडवते, म्हणून सकाळी डोकं दुखतं आणि उलटी होते. उलटीनंतर अनेकदा बरं वाटतं, आणि तिथेच सगळे फसतात. असं काही आठवडे चाललं, त्यात मूल अडखळू लागलं, मान तिरकी धरू लागलं किंवा त्याला एकाचे दोन दिसू लागले, तर जंताच्या औषधावर थांबू नका. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, मेंदूचं स्कॅन मागा.

त्या शिपायाने मला याबद्दल कधी विचारलं नाही. माझी बदली होईपर्यंत रोज साडेदहाला तो चहा आणून ठेवत असे.