खाऱ्या तळ्यातील शेवाळ आणि खाद्याचा हिशेब

कोकणातील खाडीकाठी कोळंबीची तळी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. पीक दोन महिन्यांचे होईपर्यंत सारे सुरळीत चाललेले असते. पुढे पाणी दिवसेंदिवस हिरवे व दाट होत जाते. मग एखाद्या ढगाळ, वारा पडलेल्या रात्रीनंतर पहाटे पाहावे, तो कोळंबी बांधाच्या कडेला, पाण्याच्या वरच्या थरात येऊन तडफडत असते. दोन महिन्यांचे श्रम आणि कर्जाऊ उभा केलेला पैसा काही तासांत नाहीसा होतो. दोष कोणाचा, असे विचारले असता उत्तर मिळते, शेवाळाचा. उपाय कोणता, असे विचारले असता तेही उत्तर तयार असते, शेवाळ मारण्याचे औषध.

ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेवाळ हे तळे बिघडण्याचे मूळ कारण नव्हे. आपण तळ्यात काय टाकले आणि किती टाकले, याची ती सर्वांना दिसणारी नोंद होय. नोंद पुसली म्हणून देणे फिटत नाही. सबब शेवाळाशी झगडण्यापूर्वी खाद्याचा हिशेब मांडण्याची सवय शेतकऱ्यांनी लावून घ्यावी आणि ती लावून देणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपले पहिले काम समजावे.

शेवाळाचे कार्य

पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ मुळात शेतकऱ्याचे मित्रच आहे. दिवसा सूर्यप्रकाशात ते प्राणवायू निर्माण करते. कोळंबीच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून सुटणारा अमोनिया ते शोषून घेते. तळावर सावली धरून तेथे चिकट शेवाळाचे गालिचे वाढू देत नाही. पाण्याला किंचित सोनेरी-तपकिरी छटा आली, तर डायटम जातीच्या शेवाळाची वाढ चांगली आहे असे समजावे. लहान कोळंबीला ते अन्न म्हणूनही उपयोगी पडते. फिका हिरवा रंगही सामान्यतः चिंतेचा नाही. पाण्यावर निळसर-हिरवी साय धरू लागली व कुबट वास येऊ लागला, म्हणजे मात्र सावध झाले पाहिजे.

भातशेती करणाऱ्यांना निळे-हिरवे शेवाळ परिचयाचे आहे. त्यातील काही जाती हवेतील नत्र बांधून घेतात, म्हणून भाताच्या खाचरात आपण त्यांचे खत म्हणून स्वागत करतो. तळ्यात नेमका हाच गुण अडचणीचा ठरतो. पाण्यात स्फुरद प्रमाणाबाहेर साचला व त्या मानाने नत्र कमी पडले, तर इतर शेवाळाची वाढ अडते. हे शेवाळ मात्र आपली गरज हवेतून भागवून सर्वांवर कुरघोडी करते. म्हणजे खाचरात जो गुण, तोच तळ्यात दोष. फरक शेवाळात नाही, आपण पुरविलेल्या अन्नद्रव्यांत आहे.

खाद्याचा जमाखर्च

आता एका हिशेबाकडे वळू. कोळंबीच्या खाद्यात प्रथिने शेकडा ३५ धरली, तर १००० किलो खाद्यात ५६ किलो नत्र असते. दीड किलो खाद्यास एक किलो कोळंबी हे चांगले प्रमाण मानले, तर त्यातून सुमारे ६६७ किलो कोळंबी निघेल आणि तिच्या अंगी सुमारे १९ किलो नत्र जाईल. बाकी राहिले ३७ किलो. ते तळ्याच्या पाण्यात व गाळात गेले. युरियात नत्र शेकडा ४६ असते, या मानाने ही बाकी ८० किलो युरियाइतकी भरते. कोणताही शेतकरी आपल्या तळ्यात जाणूनबुजून पावणेदोन पोती युरिया ओतणार नाही. परंतु एक टन खाद्य टाकणारा प्रत्येक जण, चांगले पीक काढूनही, नकळत तेच करीत असतो. स्फुरदाची कथा याहून वेगळी नाही. खाद्यातील स्फुरदाचा अगदी थोडा भाग कोळंबीच्या अंगी लागतो. बाकीचा तळाशी साचून पुढे हळूहळू पाण्यात उतरत राहतो.

हेच प्रमाण दीडावरून १·८ वर गेले, तर तेवढ्याच कोळंबीसाठी १२०० किलो खाद्य लागते. वाढलेल्या २०० किलोंतील सुमारे ११ किलो नत्र सबंध तळ्यातच राहते. एकूण खर्चाचा निम्म्याच्या आसपासचा भाग खाद्यावर जात असल्याने हा तोटा दुहेरी आहे. आधी पैसा देऊन खाद्य विकत घ्यावयाचे, आणि त्याचेच शेवाळ झाले म्हणून पुन्हा पैसा देऊन औषध विकत घ्यावयाचे!

खाद्य कमी केल्यास वाढ खुंटेल, अशी भीती अनेकांना वाटते. ती अगदी निराधार आहे असे नाही. परंतु आमचे म्हणणे कोळंबीला उपाशी ठेवावे असे नसून, ती खाईल तेवढेच घालावे असे आहे. ते कळण्याचे साधन स्वस्त आहे. तळ्यात तीन-चार ठिकाणी जाळीचे ट्रे बुडवून ठेवावेत. प्रत्येक वेळी खाद्याचा ठरावीक लहानसा हिस्सा त्यांत घालावा आणि सुमारे दोन तासांनी, कोळंबी मोठी झाल्यावर त्याहून लवकर, ट्रे वर काढून पाहावेत. खाद्य उरले असेल तर पुढील वेळचे माप कमी करावे. ट्रे स्वच्छ असतील तर जपून वाढवावे. ढगाळ दिवशी, मोठ्या पावसात, कात टाकण्याच्या वेळी आणि पहाटे प्राणवायू उतरलेला असताना खाद्य कमी करावे किंवा एखादी पाळी वगळावी. पिशवीवरील तक्ता हा अंदाज आहे. आपल्या तळ्याची खरी भूक ट्रे सांगतो.

औषधाने काय होते

रात्री शेवाळही श्वास घेते. कोळंबी, तळाच्या गाळातील जिवाणू आणि दाट शेवाळ असे तिघे मिळून रात्रभर प्राणवायू खर्च करीत असतात. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या निमखाऱ्या पाण्यात हवेतून मुरणारा प्राणवायू मुळातच लिटरला सुमारे ७ मिलिग्रॅम. दाट शेवाळाच्या तळ्यात दुपारी तो १० च्या वर जाईल, पण पहाटे ३ च्याही खाली येईल. तो ४ च्या वर राखणे इष्ट असते. दुपारी शेवाळ पाण्यातील कर्बवायू ओढून घेते, त्यामुळे सामू चढतो. सामू ८ असताना एकूण अमोनियापैकी विषारी स्वरूपात शेकडा ५ ते ७ असतो. सामू ९ झाला की तो एक-तृतीयांशाहून अधिक होतो. दाट शेवाळाचे तळे अशा रीतीने दुपारी एका टोकाला आणि पहाटे दुसऱ्या टोकाला जात असते.

अशा तळ्यात मोरचूद किंवा तत्सम औषध टाकले म्हणजे शेवाळ एकाच वेळी मरते, तळाशी बसते व कुजू लागते. प्राणवायू देणारे गेले आणि प्राणवायू खाणारी कुज मात्र वाढली. शेवाळाने अंगी धरलेले नत्र पुन्हा अमोनिया होऊन पाण्यात उतरते. शिवाय सुपारीच्या बागेत बोर्डो मिश्रणासाठी उपयोगी पडणारे तांबे कोळंबीसारख्या प्राण्यांना स्वतःच घातक आहे. चार दिवस पाणी स्वच्छ दिसते, आणि मोकळ्या झालेल्या अन्नद्रव्यांवर नवे शेवाळ, पुष्कळदा आधीच्याहून वाईट जातीचे, वाढीस लागते.

मोठ्या शहरांतील हौशी मंडळी काचेच्या पेटीत समुद्राचे पाणी राखून मासे पाळतात, त्यांचाही अनुभव हाच आहे. काचेवरील शेवाळ कितीही घासले तरी आठवड्यात पुन्हा धरते. जाणता माणूस काच घासण्यापूर्वी खाद्याची चिमूट लहान करतो.

करावयाची कामे

पहिले काम पाणी पाहण्याचे. २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांत रंगविलेली एक थाळी खुणांच्या दोरीने पाण्यात सोडावी व ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते ते रोज ठरावीक वेळी लिहून ठेवावे. ३० ते ४० सेंटिमीटर हे चांगले. २५ च्या खाली आल्यास त्याच दिवशी खाद्याचे माप तपासावे. ६० च्या वर गेल्यास पाणी फार विरळ आहे व तळशेवाळाचे भय आहे असे समजावे.

दुसरे, हवा घुसळणारी चाके रात्री, विशेषतः मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत, बंद पडू देऊ नयेत. वीज गेल्यास काय करावयाचे, याची तजवीज पीक घेण्यापूर्वीच करावी. चाकांची दिशा अशी ठेवावी, की गाळ मध्यभागी गोळा होईल आणि तो काढून टाकता येईल.

तिसरे, वाऱ्याने एका कोपऱ्यात जमलेली साय व सुटून तरंगणारे तळशेवाळ जाळ्याने काढून बांधाबाहेर टाकावे. जे बाहेर काढले, तेवढेच नत्र व स्फुरद तळ्यातून खरोखर गेले.

चौथे, मुसळधार पावसात गोडे पाणी हलके असल्याने वर तरंगते आणि खारेपणा एकाएकी उतरल्यास शेवाळ कोसळते. वरचा थर काढून टाकण्याची सोय उघाडीवर अवश्य असावी.

पाचवे, सामू चढलेला असताना कळीचा चुना टाकू नये. त्याने अमोनियाचे विष वाढते. मळीचा उपयोग काही जण करतात. परंतु हवा पुरेशी नसताना मळी टाकणे म्हणजे प्राणवायूची तूट ओढवून घेणे होय.

शेवटचे आणि महत्त्वाचे काम पीक निघाल्यानंतरचे. तळे भेगा पडेपर्यंत वाळवावे, काळा गाळ खरवडून काढावा आणि मगच नवे पाणी घ्यावे. मागील पिकाची बाकी पुढील पिकाच्या खाती ओढू नये.

खाडी सर्वांची

यावर कोणी म्हणेल की, इतका खटाटोप कशाला? उधाणाच्या भरतीला पाणी बदलले की झाले. गरजेपुरते पाणी बदलणे योग्यच आहे. परंतु आपण ओहोटीला सोडलेले पाणी पुढील भरतीला शेजाऱ्याच्या उघाडीतून आत शिरते, आणि त्याचे आपल्या. अन्नद्रव्यांबरोबर रोगही याच वाटेने फिरतो. १९९० नंतरच्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने देशभरच्या कोळंबी शेतीला बसलेला तडाखा जुन्या लोकांच्या स्मरणात आहे. खाडी व किनारा ही सर्वांची मालमत्ता आहे, याची जाणीव ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या कडक निर्णयानेही करून दिली. पुढे २००५ साली तटीय जलकृषी प्राधिकरणाचा कायदा झाला. परंतु शेजारधर्म केवळ कायद्याने पाळला जात नाही. ज्याचे खाद्य वाया जात नाही, त्याचे पाणी खाडीला भार होत नाही.

कार्यकर्त्यांना विनंती

आपल्या कामाचे मोजमाप तळी किती झाली, बीज किती सोडले आणि उत्पादन किती टन निघाले, एवढ्यावरच होत राहिले, तर पाण्याकडे पाहण्यास कोणालाच वेळ उरणार नाही. कार्यकर्त्याने तळ्यावर गेल्यावर प्रथम खाद्याची वही मागावी, ट्रे वर काढून पाहावा आणि थाळी पाण्यात सोडावी. औषधाची चिठ्ठी लिहून देणे सोपे असते व शेतकऱ्यासही त्याने तात्पुरते समाधान वाटते. परंतु त्यात त्याचे हित नाही.

गावात एक साधे प्रात्यक्षिक करून दाखवावे. तीन सारख्या काचेच्या बरण्यांत तळ्याचे गाळलेले पाणी भरावे. पहिलीत काही घालू नये. दुसरी व तिसरीत कोळंबीचे खाद्य चिमूटभर घालावे आणि तिसरी काळ्या कापडाने गुंडाळावी. तिन्ही ग्रामपंचायतीच्या ओसरीवर उजेडात ठेवाव्यात. आठ-दहा दिवसांनी लोकांना बोलावून पाहण्यास सांगावे. दुसरीतील पाणी पहिलीपेक्षा हिरवे झालेले दिसेल. मग तिसरीचे कापड सोडावे. तीत शेवाळ नसेल, परंतु झाकण काढताच कुजका वास येईल. शेवाळ नाही म्हणजे पाणी चांगले, असा ज्यांचा समज असेल, त्यांनी हीच बरणी जवळ घेऊन पाहावी.

तिसऱ्या बरणीचा वास ज्या शेतकऱ्याने एकदा घेतला, तो दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्यावर जाताना औषधाची बाटली घरी ठेवील आणि ट्रे, थाळी व वही बरोबर नेईल. त्याच्या तळ्यात शेवाळ राहीलच. ते राहावयासच हवे. परंतु ते किती असावे, हे यापुढे तो स्वतः ठरवील.